पाटीवरचं चौथं नाव

यातलं एकही अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

हे आधीच सांगतो, कारण आमचं घर असल्या गोष्टी मानणारं नाही. आमचे बाबा भंडाऱ्याला शिक्षक होते. कुणाच्या अंगात आलं, कुणाला विहिरीपाशी काही दिसलं असं कानावर आलं की ते म्हणायचे, "आधी त्याला पोटभर जेवायला घाला, मग विचारा काय दिसलं ते." माझी थोरली बहीण, नीलमताई, त्यांच्याच वळणावर गेलेली. दिल्लीत केंद्र सरकारच्या कार्यालयात अधिकारी आहे. कागद पुरता वाचल्याशिवाय सही करणार नाही, अशी बाई.

जे घडलं ते तिच्या बाबतीत घडलं. जानेवारी २०२३. फरीदाबाद.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

सगळं लिही म्हणाली, फक्त एक नाव सोडून. ते नाव मी लिहिणार नाही. बाईचं आहे. तीन अक्षरी आहे. आणि शेवटचं अक्षर ळ चं आहे.

एवढंच.

ताई, विनयभाऊजी आणि त्यांची मुलगी श्रावस्ती नऊ वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. तिथे दारावर फक्त नंबर. मग फरीदाबादला स्वतःचा फ्लॅट घेतला, चौथ्या मजल्यावर. भाऊजी मानेसरच्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात. पहाटे कंपनीच्या बसने जायचे, यायला रात्रीचे आठ. ताई मेट्रोने दिल्लीला. श्रावस्ती तेव्हा दहा वर्षांची. शाळेची व्हॅन तिला अडीचला सोडायची, आणि सहा-साडेसहापर्यंत ती एकटी असायची. समोरच्या फ्लॅटमध्ये विजयालक्ष्मी आंटी होत्या, रिटायर्ड, दिवसभर घरी. त्यांचं लक्ष असायचं.

ताईला लाकडात अक्षरं कोरायचा नाद होता. लॉकडाऊनमध्ये लागला तो सुटलाच नाही. ऑफिसातल्या किती जणांच्या दारावर तिने केलेल्या नावाच्या पाट्या आहेत. पण स्वतःच्या दारावर पाटी नव्हती, कारण भाऊजींचं आडनाव खोब्रागडे. ताई म्हणायची, "हे कोरायचं म्हणजे दोन महिने गेले माझे."

शेवटी श्रावस्तीनेच तोडगा काढला. आडनाव नकोच. तीन ओळी, तीन नावं. नीलम, विनय, श्रावस्ती.

लाकूड ताईने जुन्या दारा-खिडक्यांच्या कबाड्याकडून आणलं. एका जुन्या दाराची फळी होती. अस्सल सागवान, दोन बोटं जाड. तिने ती रंधून घेतली, घासून गुळगुळीत केली.

आता कोरलेल्या अक्षरांत रंग कसा भरतात ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लाकडाला रंग नुसता लावला की तो रेषारेषांतून पसरतो, कागदावर शाई फुटावी तसा. म्हणून आधी अख्ख्या फळीवर सीलरचे दोन हात द्यायचे. सीलर वाळला की लाकडाची तोंडं बंद. मग पटाशीने अक्षरं कोरायची. जिथे कोरलं तिथे लाकूड पुन्हा उघडं पडतं, तहानलेलं. त्यात बारीक ब्रशने स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, सोडायचा. अक्षर तेवढं रंग पितं. बाहेर सांडलेला थेंब फडक्याने पुसला की निघून जातो.

म्हणजे, जिथे कोरलेलं नाही... तिथे रंग शिरूच शकत नाही.

जानेवारीचा पहिला शनिवार. सुट्टी होती. तीन-चार दिवसांनी ऊन पडलं होतं, म्हणून ताई बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसली. अक्षरं कोरून झालेली. अक्रोडाच्या रंगाचा स्टेन, दाट तपकिरी. तिने तिन्ही नावं भरली. पुसलं. मस्त उठली होती अक्षरं.

ती चहा ठेवायला आत गेली.

दहा मिनिटांनी परत आली तर श्रावस्तीच्या नावाखाली, रिकाम्या जागेत...

एक रेघ होती.

आडवी, बोटभर लांब, तपकिरी.

तिला वाटलं थेंब ओघळला. फडक्याने पुसलं. गेली नाही. स्पिरिट लावून पुसलं. गेली नाही. नखाने खरवडून पाहिलं. रंग वरती नव्हताच, लाकडाच्या आत होता.

संध्याकाळपर्यंत त्या रेघेखाली काहीतरी लोंबायला लागलं. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं.

रेघ म्हणजे शिरोरेषा होती... आणि खाली अक्षरं उमटत होती.

भाऊजी शांत माणूस. कारखान्यात क्वालिटी बघतात. त्यांनी फळी उजेडात तिरपी धरली आणि म्हणाले, "अगं, सिंपल आहे. या दारावर आधी कुणाचं तरी नाव कोरलेलं असणार. तू वरचं रंधून काढलंस, पण खालचं लाकूड दबलेलं राहिलं. दबलेलं लाकूड रंग जास्त पितं."

"पण वर सीलर आहे."

"एखादी जागा सुटली असेल."

ताईला पटलं. पटण्यासारखंच होतं. रविवारी तिने तेवढा भाग घासला, नाव पूर्ण जाईपर्यंत. पुन्हा सीलर दिला, दोनऐवजी तीन हात.

पुढचा शनिवार. तिने स्टेनचा डबा उघडलासुद्धा नव्हता. फळीवरचं फडकं काढलं फक्त.

नाव परत आलं होतं.

या वेळी पूर्ण. तिन्ही अक्षरं. रंग नव्हता त्यांत... पण तिने बोट फिरवलं तेव्हा बोट आत गेलं.

खाच होती. कोरीव.

ताईची पटाशी कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

तिला सगळ्यात जास्त खटकला तो ळ. इथे ळ लिहितंच कोण? दुकानाची पाटी असो की सोसायटीची नोटीस, सगळीकडे ल. आमची श्रावस्तीसुद्धा शाला म्हणायची, केळ्याला केलं म्हणायची, डोले म्हणायची. दिल्लीत वाढलेल्या पोरांची जीभ तिथे वळतच नाही. म्हणजे हे नाव कुणा मराठी बाईचं होतं. कुठल्या तरी काळी, याच भागात, तिचं दार होतं.

ताईने करवत घेतली आणि ते नाव असलेली खालची पट्टी कापून टाकली. फेकवली मात्र नाही. सागवान होतं. बाल्कनीत कूलरच्या मागे ठेवून दिली.

उरलेली पाटी रविवारी दारावर लागली. नीलम. विनय. श्रावस्ती. भाऊजींनी फोटो काढून मला पाठवला. मी अंगठा पाठवला. किती सहज.

त्याच दुपारी, साधारण साडेतीनला, भाऊजी झोपले होते. श्रावस्ती आत टीव्ही बघत होती. ताई सोफ्यावर मटार सोलत होती.

बाहेरून आवाज आला.

खर्रर्र...

नख खाचेतून ओढलं की येतो तसा.

थांबला. पुन्हा आला. खर्र... खर्रर्र...

कुणीतरी पाटीवरची अक्षरं बोटाने वाचत होतं. एक-एक. सावकाश. काना आला की आवाज वरून खाली यायचा. वेलांटी आली की वळायचा. ताईने ती अक्षरं स्वतःच्या हाताने कोरली होती, तिला आवाजावरून कळत होतं बोट कुठे आहे. नीलम झालं. विनय झालं.

ती उठली. दाराच्या भिंगाला डोळा लावला.

बाहेर कुणी नव्हतं. रिकामा पॅसेज, समोर आंटींचं दार, बंद.

आणि आवाज चालू होता... तिच्या डोळ्याच्या बरोबर खाली.

श्रावस्ती झालं.

ताईला वाटलं, आता थांबेल.

थांबला नाही. आवाज आणखी खाली सरकला. जिथे फळी संपली होती, जिथे नुसतं दार होतं, तिथे. खर्रर्र... आडवा, बोटभर लांब.

तिने धाडकन दार उघडलं. कुणी नाही. लिफ्ट तळमजल्यावर. दाराच्या पॉलिशवर, पाटीच्या खाली, एक बारीक आडवा ओरखडा होता.

भाऊजी म्हणाले, पाटी लावताना ड्रिलची पिन लागली असेल. रात्री तिने श्रावस्तीला एवढंच बजावलं, "मी येईपर्यंत कुणालाही दार उघडायचं नाही. आंटी सोडून."

"ओके आई."

आता अठरा जानेवारी. बुधवार.

दिवसभर धुकं उठलंच नव्हतं. ताईने ऑफिसातून पावणेतीनला फोन केला. श्रावस्ती आली होती, जेवत होती. साडेतीनला पुन्हा केला.

"काय करतेयस, श्रावू?"

"काही नाही. आई, एक मिनिट हां, आजी काहीतरी विचारतेय."

"कोण आजी?"

"अगं ती, बाहेर होती ना."

ताईच्या हातातलं पेन खाली पडलं. "तू दार उघडलंस?"

"नाही ना. तू बोलली होती ना खोलायचं नाही."

"मग ती कुठे आहे?"



"आत."

ताईने आवाज हलू दिला नाही. "आत कशी आली बेटा?"

"मी विचारलं आप कौन. ती बोलली, दारावर लिहिलंय, वाच. मी बोलली, आतून कसं वाचू? मग तिने एक-एक अक्षर सांगितलं. मी बोलली ते. मग ती आत होती."

"श्रावू, तू आत्ताच्या आत्ता आंटींकडे जा."

"थांब ना. माझं बरोबर येत नाहीये. आजी बोलते ल नाही. जीभ मागे न्यायची." आणि फोन हातात तसाच धरून ती म्हणायला लागली. "ल... ल... ळ्ल..."

मग तिच्या मागून, जवळूनच, दुसरा आवाज आला. कोरडा. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा.

"ळ."

एकदाच.

आणि श्रावस्ती स्पष्ट, स्वच्छ म्हणाली, "ळ."

फोन कट झाला.

ताईने आंटींना फोन लावला. त्या लगेच गेल्या, बेल वाजवली. ताईला फोनमधून बेल ऐकू येत होती.

"खोल नहीं रही है, नीलम," आंटी म्हणाल्या. "पर अंदर बातें कर रही है किसी से. घबराओ मत, आवाज़ ठीक है उसकी. तुम्हारी सास आई हैं क्या?"

ताईच्या सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आंटी, वहीं रहिए. दरवाज़े से हटना मत," एवढंच ती म्हणू शकली.

भाऊजी मानेसरला, त्यांना यायला दोन तास. तिने त्यांना फोन करून पर्स उचलली आणि धावत मेट्रो गाठली. सेंट्रल सेक्रेटेरियटपासून पुढे गाडी जमिनीखालून जाते, नेटवर्क येतं-जातं. ती घरी फोन लावत होती. लागत नव्हता. बाबांच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं त्रिशरण ती मनातल्या मनात म्हणत होती, आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती, की आपण हे भीतीने म्हणतोय.

जंगपुऱ्याला गाडी वर आली. बाहेर काहीच दिसत नव्हतं. नुसतं पांढरं.

आंटींचा मेसेज आला होता. *अब दोनों चुप हैं.*

दोनों.

नीलम चौक स्टेशनला ती उतरली. तिच्याच नावाचं स्टेशन. इतके दिवस श्रावस्ती तिला त्यावरून चिडवायची. त्या दिवशी डब्यातल्या घोषणेत स्वतःचं नाव ऐकून तिच्या अंगावर काटा आला. कुणीतरी आपल्याला ओळखून बोलावतंय असं वाटलं.

पावणेपाचला ती चौथ्या मजल्यावर पोचली. आंटी दारासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या, शालीत गुरफटून.

ताईने किल्ली लावली. आतून कडी होती. तिने हाक मारली.

कडी निघाली.

"आई, किती वेळ लावलास तू," श्रावस्ती म्हणाली.

वेळ. दहा वर्षांत पहिल्यांदा... तिच्या तोंडून तो शब्द असा आला होता.

घरात दुसरं कुणी नव्हतं. ताईने आणि आंटींनी सगळ्या खोल्या पाहिल्या, बाथरूम पाहिलं, बाल्कनी पाहिली. कूलरच्या मागे पाहिलं.

पट्टी तिथे नव्हती.

ती जेवायच्या टेबलावर होती. खाली वर्तमानपत्र नीट पसरलेलं. स्टेनचा डबा उघडा, शेजारी घडी घातलेलं फडकं. सगळं ताई मांडते तसंच. पट्टीवरची अक्षरं आता बोटाचं पेर बुडेल इतकी खोल होती, आणि त्यांच्या कडा झिजलेल्या होत्या. वर्षानुवर्षं कुणी हात फिरवला तर झिजतात तशा.

दोन अक्षरं रंगवून झाली होती. एकही थेंब बाहेर नाही.

श्रावस्तीने त्याआधी कधी ब्रश हातात धरला नव्हता.

"हे कुणी केलं?"

"मी. आजीने हात धरला होता." तिने हात पुढे केला. मनगटावर तपकिरी डाग होते. चार, एकाखाली एक. आणि आतल्या बाजूला पाचवा.

ते डाग नंतर स्पिरिटने निघाले नाहीत. आठ-दहा दिवस राहिले. ते मी व्हिडिओ कॉलवर स्वतः पाहिलेत.

"ती बोलली, तुझ्या आईने माझं नाव कोरडं ठेवलं. बघ ना, एकच राहिलंय." श्रावस्तीने ब्रश पुन्हा उचलला. "हे झालं की मग तिला कुठे जावं नाही लागणार."

ताईने तिच्या हातातून ब्रश काढून घेतला.

टेबल दारापासून चार पावलांवर. ताईची पाठ दाराकडे होती.

खर्रर्र...

या वेळी आवाज दाराच्या आतल्या बाजूने आला.

आंटींनी ऐकला. त्या हळूच खाली बसल्या, होत्या तिथेच, फरशीवर.

ताईने मागे वळून पाहिलं नाही. श्रावस्तीला पोटाशी धरलं, एका हाताने स्टेनच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, "तुम्ही कोण, मला माहीत नाही. तुमचं दार कुणी तोडलं तेही माहीत नाही. पण हे घर माझ्या मुलीचं आहे. इथे तुमचं नाव लागणार नाही."

आवाज थांबला.

ती रात्र त्यांनी आंटींकडे काढली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी श्रावस्तीला घेऊन घरी थांबले. ताई पट्टी पिशवीत घालून कबाड्याकडे गेली. एकटीच गेली. भाऊजी म्हणाले होते जाळून टाकू. ताई म्हणाली, "आणि मग ती कुठे राहील? ज्याच्या नावाला जागा नाही ते माणूस जाईल कुठे?" पुढे ती मला म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा भीतीच्या खाली तिला त्या बाईची दया आली होती. थोडीच. भीती जास्त होती.

कबाड्याला ती फळी आठवत होती. त्याने सेक्टर सांगितला, गल्ली सांगितली. "पुरानी कोठी थी मैडम. बिल्डर ने तुड़वाई. कोई माताजी अकेली रहती थीं, सुना है. कौन थीं, पता नहीं. घर में किसी के नाम का एक काग़ज़ तक नहीं निकला."

तिथे ती कोठी, तो जुना बंगला, नव्हताच. पत्र्याचं कुंपण, आत खणलेला खड्डा, तळाला पाणी. दार नाही, उंबरा नाही, भिंतसुद्धा नाही.

ताईने पट्टी तारेने त्या पत्र्याला बांधली, रस्त्यावरून दिसेल अशी. एका अक्षरात रंग नव्हता. पिशवीत छोटी बाटली होती, ब्रश होता. आणलाच होता तिने. मिनिटभराचं काम.

तिचा हात धजला नाही. हे झालं की तिला कुठे जावं नाही लागणार, हे मुलीचे शब्द कानात होते. पूर्ण केलं तर काय होईल, आणि नाही केलं तर काय होईल, तिला दोन्ही माहीत नव्हतं.

तिने बाटली परत पिशवीत टाकली आणि ऑटो पकडली.

घरी पोचली तर दाराला बाहेरून कडी होती.

तिने कडी काढली. आत भाऊजी आणि श्रावस्ती कॅरम खेळत होते. ती गेल्यापासून दोघांनी दार उघडलं नव्हतं. आपण बाहेरून बंद आहोत हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

"आजी गेली," श्रावस्ती म्हणाली. "आत्ताच."

इथे संपायला हवं होतं.

तीन दिवस काही झालं नाही. आवाज नाही, काही नाही. चौथ्या दिवशी, रविवारी, ताई दूध घ्यायला दार उघडून बाहेर आली आणि सहज पाटीकडे पाहिलं.

नीलम. विनय.

तिसरी ओळ... पांढरी होती.

नाव होतं. खाच होती. पण रंग नव्हता. नुकतंच कोरल्यासारखं कोरं लाकूड. स्टेन लाकडात मुरला की तो निघत नाही, पटाशीने तासून काढावा लागतो. तासल्याची खूण नव्हती.

ताईने तिथेच, दारात बसून, लेकीचं नाव पुन्हा भरलं. संध्याकाळी ते परत कोरं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं. तेच.

मग ती चप्पल घालून तडक त्या गल्लीत गेली.

पत्र्यावर पट्टी होती, तिने बांधली तशीच. तार हललेली नव्हती. आणि तिसरं अक्षर भरलेलं होतं. दाट, अक्रोडी, नीटनेटकं. तिने बोट लावलं. ओलं होतं.

घरी येऊन तिने श्रावस्तीला मांडीवर घेतलं. आता ती मांडीत मावत नाही, तरी घेतलं. आणि विचारलं, की पाटीवरच्या तुझ्या नावाचं काय झालं, तुला काही माहीत आहे का.

श्रावस्ती ड्रॉइंगच्या वहीत काहीतरी काढत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, तिचं एक अक्षर राहिलं होतं ना. तू नाही भरलंस. म्हणून मी माझा रंग दिला तिला."

"दिला म्हणजे?"

"म्हणजे उधार. ती बोलली परत देईन."

"कधी?"

"ते नाही सांगितलं."

आज श्रावस्ती मोठी झाली आहे. तब्येत चांगली, अभ्यास चांगला, मैत्रिणी आहेत. तिच्यात बोट ठेवावं असं काहीही नाही. भाऊजींनी दोनदा पाटी काढायला घेतली. ताईने काढू दिली नाही. म्हणते, परत द्यायला आली आणि पाटीच नसली तर?

मागच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. शनिवारी दुपारी ताई स्टूल घेऊन दारात बसली होती, हातात बारीक ब्रश. तिने पोरीचं नाव एक-एक अक्षर भरलं, बाहेर सांडलेलं पुसलं, आणि आम्ही दोघं ते वाळेपर्यंत तिथेच बसलो.

रविवारी सकाळी मी निघालो तेव्हा बॅग खांद्यावर घेऊन मुद्दाम पाटीकडे पाहिलं नाही.

लिफ्टचं दार बंद होता होता... नजर गेलीच. तिसरी ओळ पुन्हा कोरी होती.